घात आली म्हणून जिवाणूंचं पाकीट बांधावर टाकू नका

मृगाचा पाऊस झाला, घात (पेरणीजोगी ओल) आली की हातकणंगले, शिरोळ, कागलकडं सोयाबीन पेरणीची एकच धांदल उडते. कुरी (पेरणीचं अवजार) सुरू, आणि बियाण्याला लावायच्या रायझोबियम जिवाणूंचं पाकीट बांधावर उन्हात. दरवर्षी हेच बघतोय. पाकिटात जिवंत जिवाणू असतात, तापले की मेले. मग ती काळी भुकटी बियाण्याला लावली काय नि न लावली काय.

गेल्या हंगामात एका पिवळ्या पडलेल्या सोयाबीनमधली दहा झाडं मी खुरप्यानं काढली. मुळं बादलीत धुतली. दहा झाडांच्या मुळांवर मिळून जिवाणूंच्या चार गाठी! पाकीट आणलेलं होतं, पण पत्र्याच्या शेडात महिनाभर तापत पडलेलं.

गाठ कशी धरते ते समजून घ्या. मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं. ती ओळखून जिवाणू उलट निरोप धाडतो, आणि तो निरोप साखरेचा असतो: ग्लुकोसामाइन साखरेचे चार-पाच मणी, टोकाला स्निग्ध शेपटी. ही ठेवण मुळानं ओळखली तरच मुळाचा केस वाकतो, जिवाणूला वेढतो आणि आत घेतो, मग गाठ धरते. म्हणूनच भुईमुगाचं पाकीट सोयाबीनला लावू नका. पुढं झाड पानातल्या साखरेवर त्याला पोसतं, तो हवेतला नत्र (नायट्रोजन) देतो. मेलेला जिवाणू कसला निरोप धाडणार?

पेरणीचं:
– ७५ ते १०० मिमी पाऊस, चांगली घात
– उगवण ७० टक्के, एकरी ३० किलो बियाणं
– दोन ओळींत ४५, दोन झाडांत ५ सेंमी, खोली ३ ते ५ सेंमी
– एकरी नत्र २० किलो, स्फुरद ३०, पालाश १८

आधी बुरशीनाशक (कार्बोक्झिन + थायरम, किलोला ३ ग्रॅम), ते सुकल्यावर शेवटी रायझोबियम, १० किलोला २५० ग्रॅम. दोन्ही एका बादलीत कालवू नका. भुकटी बियाण्याला चिकटायला लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळा आणि पार गार होऊ द्या. कोमट पाण्यात घाई केलेली मी पाहिलीय. पाणी बेतानं वापरा, हलक्या हातानं खालीवर करा. सोयाबीनची साल पातळ, रगडली की सुटते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

दुकानदार ‘मुळी सुटायचं’ टॉनिक पुढं करेल. ते घेऊ नका. पाकिटाची तारीख बघा, ते सावलीत ठेवलं होतं का विचारा. जादा युरियाही नको. आयता नत्र मिळाला की झाड गाठींवर साखर खर्चत नाही. शेणखताच्या रानात गाठी जास्त धरतात, असा माझा अंदाज आहे.

पेरणीनंतर ३५ व्या दिवशी चार ठिकाणची झाडं मातीसकट काढा, उपटू नका, नाहीतर गाठी मातीतच राहतात. गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-तांबडी निघाली तर ती नत्र देतेय, युरियाचं पोतं उघडू नका.