लांब पल्ल्यासाठी सायकलच्या सीटची उंची
पुण्याहून खडकवासल्याला जाऊन येताना सुखाची वाटणारी सायकल लोणावळ्याच्या वाटेवर गुडघे दुखवू लागते, तेव्हा सर्वांत आधी सीटची उंची तपासावी. नेहमीचे बूट घालून, भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे, पेडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. कंबर एका बाजूला न झुकता पाय जेमतेम सरळ झाला, तर प्रत्यक्ष चालवताना, म्हणजे चवडा पेडलवर असताना, गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो आणि तेवढाच हवा असतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते, मागून दुखत असेल तर वर. सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. शहरातल्या गर्दीत ती समजण्यासारखी असली, तरी कात्रजच्या घाटात तिचा सगळा ताण गुडघ्यांवर येतो, म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरण्याची सवय लावून घेणे मला अधिक योग्य वाटते.

हँडलचा विचार त्यानंतर करावा. तळव्यांना मुंग्या येत असतील, तर सीटचे पुढचे टोक खाली झुकलेले नाही ना, हे पाहावे, कारण तसे असल्यास शरीराचा भार हातांवर घसरतो. एका वेळी एकच बदल, तोही ५ मिलिमीटरपर्यंतच करावा. सीटच्या उभ्या दांड्याला जुन्या उंचीवर चिकटपट्टी लावून ठेवावी आणि हा दांडा किती वर काढता येतो, त्या मर्यादेची त्यावर कोरलेली खूण कधीही बाहेर दिसू देऊ नये.