चालत्या गाडीत बॅटरी भरावी का? आधी लिटर मोजा

प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि प्लगवरून भरता येणारी बॅटरी दोन्ही असलेली गाडी. तिच्यातलं ‘चार्ज’ बटण दाबलं की बॅटरीची पट्टी हळूहळू वर चढते आणि बघणाऱ्याला बरं वाटतं. ती वीज पेट्रोल जाळूनच येते, हे मात्र पट्टीवर कुठे दिसत नाही. माझं आयुष्य जनरेटरच्या खोलीत गेलं, त्यामुळे किती युनिट तयार झाली याआधी किती लिटर जळलं हे विचारायची सवय आहे. या बटणाबाबतही तेच विचारायचं. वर आणखी एक: ही युनिट वापरून पुढे किती लिटर वाचणार?

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते. इंजिन अगदी उत्तम चालत असलं तरी त्यातली 35-40 टक्केच शाफ्टवर येते, म्हणजे तीन-साडेतीन युनिट. ती थेट चाकांकडे गेली तर वाटेत थोडीच गळते. बॅटरीत घालायची म्हटलं की आधी जनरेटर, मग इन्व्हर्टर (एसी-डीसी वीज बदलणारा), मग बॅटरी, आणि बाहेर काढताना पुन्हा इन्व्हर्टर आणि मोटर. प्रत्येक नाक्यावर टोल. या फेऱ्यात साधारण चौथा-पाचवा हिस्सा उडून जातो.

एवढ्यावरून ‘कधीच दाबू नका’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण इंजिनाला लोड मानवतो, हे जनरेटरवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. डिझेल सेट 30 टक्क्यांखालच्या लोडवर तासन्‌तास चालवला की युनिटमागे डिझेल जास्त लागतं, वर सायलेन्सरमध्ये काजळी धरते ती वेगळीच. गाडीचं पेट्रोल इंजिनही हलक्या लोडवर उधळं असतं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारं झाकण, अर्धवट मिटलेलं, त्यामुळे हवा ओढण्यातच ताकद जाते, आणि आतलं घर्षण तर सुटत नाहीच. अशा वेळी त्यावर जनरेटरचा बोजा टाकला तर वाढीव कामाच्या मानाने वाढीव पेट्रोल कमी लागतं. म्हणून नुकसान वरच्या हिशेबाइतकं मोठं निघत नाही. फक्त, हायब्रिडचा कंप्युटर हे लोड जुळवायचं काम साध्या मोडमध्येही करतच असतो. आपण बटण दाबून त्याच्या वरचढ काही मिळवू, अशी फार आशा ठेवू नये.

आता मोजायचं कसं. सपाट, मोकळा रस्ता निवडा. इंजिन गरम झालं की ट्रिप मीटर शून्य करा आणि आधी ‘होल्ड’ किंवा ‘सेव्ह’ मोडमध्ये जा; यात बॅटरी आहे त्याच पातळीला राहते. मग तोच रस्ता, तोच वेग, एसीही तेवढाच, पण ‘चार्ज’ मोडमध्ये. दोन्ही वेळचे लिटर लिहा, आणि दुसऱ्या वेळी बॅटरी किती टक्के वाढली तेही. त्या टक्क्यांवरून युनिट काढताना बॅटरीची वापरता येणारी क्षमता धरा, जाहिरातीतली एकूण क्षमता नाही.

समजा, 90 किलोमीटरला होल्डमध्ये 5 लिटर लागलं, चार्जमध्ये 7.5. अडीच लिटर जादा गेलं आणि बॅटरीत 7 युनिट आली. शहरात युनिटला 6 किलोमीटर धरले तर 42 किलोमीटर विजेवर होतील. तेच 42 किलोमीटर साध्या हायब्रिड मोडमध्ये, लिटरला 20 च्या ॲव्हरेजने, 2.1 लिटरमध्ये झाले असते. म्हणजे 2.1 वाचवायला 2.5 जाळलं. गाडी जड असेल आणि शहरात इंजिनावर 15 च देत असेल, तर 2.8 लिटर वाचतं आणि पारडं दुसरीकडे झुकतं. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्हीच काढा. एक काळजी घ्या: विजेच्या टप्प्यात स्क्रीन डोळे दिपवणारं ॲव्हरेज दाखवते. त्यावर जाऊ नका. खरं ॲव्हरेज हवं असेल तर दोन्ही टप्पे संपेपर्यंत ट्रिप मीटरला हात लावायचा नाही.

इंजिन थंड असताना, जवळच्या फेरीत किंवा गाडी उभी करून चार्ज मोड लावणं मला पटत नाही. चढावर तर नकोच. इंजिन आधीच दमलेलं असतं. मुक्कामाला प्लग असेल तर हा सगळा उद्योगच वायफळ, कारण तिथे जी जागा प्लगवरून भरली असती ती तुम्ही पेट्रोलने भरून नेता. प्लग असलेल्या ठिकाणी बॅटरी रिकामी करूनच पोचावं. पट्टी शून्यावर आली म्हणून घाबरायचं कारण नाही. कंप्युटरने थोडा साठा राखलेला असतो आणि गाडी साध्या हायब्रिडसारखी चालत राहते. बरेच जण निव्वळ या धास्तीने बटण दाबतात, असं माझं मत आहे.

लांबच्या प्रवासात मी होल्ड वापरतो. निघताना बॅटरी प्लगवर भरलेली असते. हमरस्ता लागला की होल्ड, कारण त्या वेगात इंजिन बऱ्यापैकी काटकसरीने चालतं. गाव आलं, गर्दी लागली की वीज. चार्ज मोडला खरं काम दोनच ठिकाणी: पुढे इंजिन बंद ठेवणं सक्तीचं असलेला भाग येणार असेल तेव्हा, किंवा मोठ्या चढाआधी. शेवरोले व्होल्ट 2010 च्या अखेरीस आली तेव्हाच तिला यासाठी ‘माउंटन’ मोड दिला होता. त्यात चढासाठी बॅटरीत आधीच राखीव साठा ठेवला जातो. तुमच्या गाडीत असा मोड नसेल तर चढ लागण्याआधीच्या सपाट पट्ट्यावर चार्ज लावा, पायथ्याशी पोचल्यावर बंद करा.

माथ्यावर पोचेपर्यंत बॅटरी उतरलेली असली तर उत्तमच. गच्च भरलेल्या बॅटरीला ब्रेकमधून येणारी वीज घेता येत नाही. उतारावर ब्रेक लवकर आणि हलका लावा, म्हणजे वेग आवरायचं काम बरंचसं मोटरच करते. जोरात दाबलात तर ती वीज ब्रेक पॅडमध्ये उष्णता होऊन जाते.