दूध पचत नाही? सोनोग्राफी नको, श्वासाची तपासणी करा

दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात, म्हणून मुंबईत अनेक जण थेट सोनोग्राफी करून येतात. रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’, फार तर ‘पोटात गॅस जास्त’. दुधातली साखर (लॅक्टोज) फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम लहान आतड्याच्या अस्तरात असतं. ते कमी पडलेलं सोनोग्राफीत, सीटीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. 1960च्या दशकात एक्स-रेत दिसणाऱ्या बेरियममध्ये लॅक्टोज कालवून एक्स-रे काढत; न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेई आणि बेरियम पातळ दिसे. ती पद्धत मागे पडली.

आता करायची ती हायड्रोजन ब्रेथ टेस्ट: न पचलेली साखर आतड्यात आंबली की हायड्रोजन वायू तयार होऊन श्वासात येतो, तो मोजतात. मोठ्या हॉस्पिटलच्या गॅस्ट्रो विभागात फोन करून विचारा आणि मिथेनही मोजतात का, हेही विचारा. काहींच्या आतड्यात हायड्रोजनऐवजी मिथेनच जास्त तयार होतो. त्यांचा नुसता हायड्रोजन मोजला तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

खरी गोम तयारीत आहे. अँटिबायोटिक संपून 4 आठवडे आणि कोलोनोस्कोपी होऊन 2 आठवडे झालेले हवेत. आदल्या दिवशी फक्त पांढरा भात, उकडलेलं अंडं, कांदा-लसूण न लावता भाजलेला मासा किंवा चिकन. वरण, उसळ, चपाती, पाव, फळं बंद. वरण-भाताने काय होणार, असं समजू नका. डाळ आतड्यात रात्रभर आंबून हायड्रोजनचा पहिलाच आकडा वर नेते. मग 12 तास उपास, पाणी चालेल. सकाळी चहा, सिगारेट, च्युइंगगम, मुखवास काही नको. स्टेशनवरून धावतपळत आला असाल तर आधी शांत बसा, धापेने आकडा बदलतो.

पहिला नमुना दिल्यावर 25 ग्रॅम लॅक्टोज 250 मिली पाण्यातून प्यायचं. (पेलाभर दुधात साधारण 12 ग्रॅम असतं.) पुढे 3 तास, दर अर्ध्या तासाला फुंकायचं. श्वास भरा, 15 सेकंद रोखा, सावकाश सोडा. पिशवीत शेवटची हवा गेली पाहिजे. सुरुवातीची हवा तोंडा-घशातली असते, तिने नमुना पातळ होतो. पोटात काय होतंय ते वेळेसकट लिहून ठेवा.

हायड्रोजन सुरुवातीपेक्षा 20 पीपीएम (दहा लाख भागांत 20 भाग) किंवा जास्त वाढला तर लॅक्टोज पचलेलं नाही. पण त्रास काहीच झाला नसेल, तर नुसत्या आकड्यावरून दूध तोडू नका. पहिलाच आकडा 20च्या वर असेल तर त्या दिवशी लॅक्टोज न घेता पुढची तारीख मागा.

वजन घटतंय, शौचात रक्त, संध्याकाळी ताप, पोटात उजवीकडे खाली दुखतंय, असं असेल तर मात्र सोनोग्राफी किंवा सीटी हवंच. आतड्याचा टीबी किंवा क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज येणारा आजार) असेल तर आतड्याची जाड झालेली भिंत तिथे दिसते. या आजारांत लॅक्टेजही घटू शकतं, म्हणून ब्रेथ टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी ही तपासणी टाळू नका.