सोलापूरच्या अंगणात विष्णुक्रांता

माळरानावर गवताच्या बुडाशी जमिनीला चिकटून पसरणारी विष्णुक्रांता आपल्याकडची अस्सल रानवनस्पती असून, तिच्या खोलवर जाणाऱ्या चिवट मुळामुळे आणि पानांवरील रेशमी लवेमुळे ती सोलापूरचा उन्हाळाही सोसते. रोपवाटिकेत मिळणारे मोठ्या निळ्या फुलांचे तिचे भावंड मूळचे दक्षिण अमेरिकेतील आहे. ते सुंदर असले तरी आपल्या माळाचे नव्हे.

पावसाळा सरताना शेताच्या बांधावरील वाळलेली बोंडे थोडीच गोळा करावीत, झाड उपटू नये. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून तर काहीही आणू नये. बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्या पॉलिश पेपरवर हलकेच घासून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात आणि जूनमध्ये पेराव्यात.

खरी काळजी मातीची घ्यावी लागते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात मूळ कुजते, त्यामुळे निम्मा मुरूम, पाव भाग जाड वाळू आणि पाव भाग माती असे मिश्रण करून, तळाला भोक असलेल्या कुंडीत किंवा उंच वाफ्यात ते भरावे. शेणखत मूठभर पुरे, कारण खताने पाने माजतात आणि फुले कमी येतात. जागा दिवसभर उन्हाची हवी.

रोप रुजेपर्यंत माती ओलसर ठेवावी. नंतर ती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. नखाएवढी निळी फुले सकाळी उमलतात आणि दुपारनंतर मिटतात, म्हणून कुंडी सकाळी नजरेत येईल अशा ठिकाणी ठेवावी.