स्पेक मियाटाला नवा एक्झॉस्ट: नियमात राहून कसा बसवावा

स्पेक मियाटा हा अमेरिकेतल्या हौशी रेसिंगमधला सर्वात गर्दीच्या वर्गांपैकी एक. माझदाची दोन आसनी मियाटा, १९९० पासून २००५ पर्यंतची मॉडेलं, सगळ्यांना एकच ठरलेलं सस्पेन्शन आणि एकाच प्रकारचे टायर. गाड्या जवळपास सारख्या, त्यामुळे निकाल ठरवतो तो चालक. अशा वर्गात एक्झॉस्ट बदलायला परवानगी आहे म्हटल्यावर नवखा माणूस लगेच हॉर्सपॉवरचा हिशोब मांडतो. पण मूळ मॅनिफोल्ड (इंजिनला बोल्ट केलेला, सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणारा भाग) कायम ठेवून मागची नळी बदलली, तर मिळणारी ताकद थोडीच असते. चांगल्या एक्झॉस्टकडून मी तीनच गोष्टी मागतो: तपासणीत प्रश्न येऊ नये, कुठे गळू नये आणि शर्यतीच्या मध्यात खाली लोंबू नये. पुढचं सगळं या तीन गोष्टींसाठी.

आधी नियमपुस्तक

एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, या संस्थेचं नियमपुस्तक जीसीआर या नावाने ओळखलं जातं. त्यातला स्पेक मियाटाचा भाग छापून घ्या आणि पेन्सिल हातात धरून वाचा. वाचताना एक तत्त्व डोक्यात ठेवा: जे करायला स्पष्ट परवानगी लिहिलेली नाही, ते करता येत नाही. ‘मनाई कुठे लिहिली आहे?’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

मॅनिफोल्ड मूळचाच हवा. आतून घासून गुळगुळीत केलेला, बाहेरून कापून जोडलेला किंवा बाजारातला हेडर (मॅनिफोल्डऐवजी बसवायचा नळ्यांचा संच) चालत नाही. मॅनिफोल्डनंतर मागे जाणाऱ्या भागाला मोकळीक आहे. ही मोकळीक नेमकी कोणत्या फ्लँजपासून (नळ्या बोल्टने जोडायची चपटी कडा) सुरू होते, धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काय आणि नळीचं तोंड कुठे उघडायला हवं, हे तुमच्या गाडीच्या मॉडेल वर्षाच्या ओळीत पाहा. १.६ लिटर आणि १.८ लिटरच्या गाड्यांची वजनं आणि अटी वेगळ्या असतात. वर्षभर दुरुस्त्या निघत राहतात, म्हणून मित्राने पूर्वी काढून ठेवलेल्या प्रतीवर विसंबू नका. नासा या दुसऱ्या रेसिंग संस्थेकडे उतरणार असाल तर त्यांचं पुस्तक वेगळं वाचा.

इथेच एक गोष्ट ठामपणे सांगतो. कन्व्हर्टर काढलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही, ती ट्रेलरवरूनच न्यायची. रस्त्यावरच्या गाडीचं प्रदूषण नियंत्रण काढायला अमेरिकेत कायद्याची मनाई आहे. आपल्याकडेही पोलिसांनी बुलेटचे बदललेले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडलेले आपण पाहिले आहेत. ट्रॅकची मोकळीक ट्रॅकपुरतीच.

मग आवाजाची मर्यादा

एससीसीएची नेहमीची मर्यादा १०३ डेसिबल, ट्रॅकच्या कडेपासून ५० फुटांवर मोजलेली. पण ट्रॅकची स्वतःची अट त्याहून कडक असू शकते. कॅलिफोर्नियातल्या लागूना सेकाला आजूबाजूच्या वस्तीमुळे बरेच दिवस ९० डेसिबलची मर्यादा असते आणि तिथे ओलांडली की काळा झेंडा, म्हणजे ट्रॅक सोडून पिटमध्ये येण्याची खूण, दिसतो. तुम्ही वर्षभरात ज्या ट्रॅकवर जाणार, त्यांतल्या सर्वात कडक ट्रॅकच्या हिशोबाने सायलेन्सर घ्या.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर मोकळ्या मैदानात आवाजमापक वापरा. अंतर निम्मं केलं की वाचन साधारण ६ डेसिबलने वाढतं. म्हणजे २५ फुटांवर १०९ आलं तर ५० फुटांवर १०३ धरा, आणि हे काठावरचं आहे. जागेवर उभ्या गाडीला रेस देऊन मिळालेला आकडा आणि भार घेऊन पळणाऱ्या गाडीचा आकडा एक नसतो, त्यामुळे ५ डेसिबलची तरी फट ठेवा. नळीचं तोंड मोजणाऱ्या बाजूच्या उलट वळवल्यानेही फरक पडतो. नियमात बसत असेल तर ते छोटं वळण आधीच बनवून घ्या.

जुना एक्झॉस्ट उतरवणं

गाडी पूर्ण थंड झालेली हवी. चारही बाजूंना स्टँड लावा, नुसत्या जॅकवर कधीही गाडीखाली शिरू नका. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. मॅनिफोल्डच्या खालचे स्टड (नट ज्यांवर बसतात ते आटेवाले दांडे) जपा. एक तुटला तर अर्धा दिवस ड्रिल करण्यात जातो. नट फिरत नसेल तर गॅसच्या टॉर्चने नट तापवा, स्टड नव्हे, आणि त्याआधी आजूबाजूला इंधन किंवा सांडलेलं तेल नाही ना ते पाहा.

ऑक्सिजन सेन्सर फट असलेल्या खास सॉकेटने काढा. नळी टांगून ठेवणारे रबरी हँगर साबणाच्या पाण्याने ओले केले की सरकतात. काढलेला सगळा एक्झॉस्ट वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. या वर्गात चालकासह किमान वजन ठरलेलं आहे. हलका एक्झॉस्ट लावल्याने गाडी त्या वजनाखाली गेली, तर नियमाप्रमाणे पक्कं बोल्ट केलेलं वजन परत घालावं लागतं. फायदा एवढाच की मागे टांगलेलं वजन आता खाली आणि तुम्हाला हवं तिथे येतं.

नवा एक्झॉस्ट टांगणं

बहुतेकांचा घोळ इथे होतो, म्हणून सावकाश.

सगळे तुकडे आधी सैल जोडा. नवं गॅस्केट घाला, नट हाताने फिरवा, पाना लावू नका. हँगर अडकवा. आता पुढून मागे एकेक जोड थोडा थोडा आवळत जा. फ्लँज एकमेकांसमोर सरळ बसत नसतील तर बोल्टने ओढून बसवू नका. तो ताण मॅनिफोल्डवर जातो आणि तिथेच पुढे तडा पडतो. नळी कापून पुन्हा जुळवा.

जागा कशी सोडायची याचा हिशोब उष्णतेवर आहे. ३०४ स्टेनलेसची १ मीटर लांबीची नळी ४०० अंश सेल्सिअसने तापली की जवळपास ७ मिलिमीटर लांब होते. थंड असताना हँगर मधोमध बसला असेल तरच तो तापल्यावर दोन्हीकडे हलू शकतो. इंजिन आपल्या माउंटवर डुलतं, त्यासाठी पुढच्या भागात लवचीक जोड ठेवा. नळी आणि बॉडी यांत दोन बोटं अंतर ठेवा. इंधनाची नळी, ब्रेकची नळी आणि टाकीजवळ त्याहून जास्त, आणि मध्ये पत्र्याची उष्णता ढाल.

मग ज्या तपासणीचा लोक कंटाळा करतात ती. मागची चाकं काढा, स्प्रिंग काढलेल्या अवस्थेत हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) जॅकने पूर्ण वर न्या, मग पूर्ण खाली सोडा. दोन्ही टोकांना ड्राइव्हशाफ्ट, अँटीरोल बार आणि कंट्रोल आर्म नळीला लागत नाहीत ना ते हात घालून पाहा. स्टँडवर लटकलेल्या गाडीत सगळं मोकळं दिसतं, कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चढलेल्या गाडीत ते नसतं.

वेल्डिंग लागलं तर गाडीवर फक्त दोन-तीन टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे टाके, मारा, तेही टाकीपासून दूर, बॅटरीची वायर काढून आणि आग विझवणारं सिलिंडर जवळ ठेवून. पूर्ण वेल्ड नळी खाली उतरवून टेबलावर करा. जस्ताचा मुलामा असलेला हँगर वेल्ड करण्याआधी मुलामा घासून काढा, त्याचा धूर आरोग्याला घातक असतो.

सेन्सर आणि गळती

सेन्सरची जागा मूळच्या जवळच ठेवा. नळीच्या वरच्या अर्ध्या बाजूला, थोडा तिरका. खालून लावला तर त्यात पाणी साचतं. आटे अडकू नयेत म्हणून मिळणारं पेस्ट आट्यांना थोडंसं लावा, टोकाला अजिबात नाही. जोड सील करायला साधं सिलिकोन वापरू नका. त्याच्या वाफा सेन्सर खराब करतात.

सेन्सरच्या आधी छोटी गळती असेल तर नळीतल्या दाबाच्या हेलकाव्यांत बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, इसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, वाटतं इंधन कमी पडतंय, आणि तो इंधन वाढवतो. गाडी जड वाटते आणि माणूस दोष इंजिनला देतो. गळती शोधायला इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू नळीच्या तोंडाला लावा, कापडाने फट बुजवा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. जिथे बुडबुडे येतील तिथे पुन्हा काम.

पहिली फेरी आणि तपासणी

गाडी सुरू करून पूर्ण तापू द्या, बंद करा, थंड झाली की सगळे नट पुन्हा मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळा. पहिल्या सरावानंतर हेच पुन्हा. नट आणि फ्लँजवर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवली तर पुढे नट हलला की नुसत्या नजरेने कळतं. बॉडीवर किंवा हँगरवर नवा चकाकता ओरखडा दिसला तर नळी तिथे घासते आहे. त्याच दिवशी सोडवा.

तपासणीला जाताना नियमाचं ते पान, भागाची पावती आणि वजनाची नोंद एका फोल्डरमध्ये घेऊन जा. या वर्गात दुसरा स्पर्धक तुमच्या गाडीविरुद्ध लेखी तक्रार करू शकतो आणि मग भाग उघडून दाखवावा लागतो. मॅनिफोल्डला हात लावलेला नाही हे दाखवणारे फोटो काम करतानाच काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.