विदर्भाच्या उन्हात आवारातलं डांबरीकरण: या चुका टाळा

दिवाळी संपली की फोन सुरू होतात. लेआउटची कमिटी, शाळा, जिनिंगवाले, मंगल कार्यालयाचे मालक. पहिला प्रश्न ठरलेला: "स्क्वेअर फुटाचा भाव काय?" जमीन कोणती आहे, पावसाचं पाणी कुठून निघतं, सगळ्यात जड गाडी कोणती येते, याबद्दल अक्षर नाही. मग दोन उन्हाळे गेले की आवार उखडतं आणि सगळा दोष डांबराच्या माथी मारला जातो. नागपूर, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि काळ्या पृष्ठभागाचं तापमान ६० च्या वर जातं. त्यात खाली काळी माती. इथे जे सतत चुकतं ते लिहितो आहे. घाई असेल त्यांनी निदान पहिले दोन मुद्दे तरी नीट वाचावेत, कारण बहुतेक पैसे तिथेच बुडतात.

काळ्या मातीवर सहा इंच मुरूम

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शेतात सगळ्यांना दिसतं. तीच माती आवारात आली की मात्र सगळे विसरतात. वरचं गवत खरडायचं, सहा इंच मुरूम पसरायचा, रोलर फिरवायचा, गिट्टीचा थर आणि त्यावर डांबर. पहिल्या पावसाळ्यात काहीच होत नाही, म्हणून ठेकेदार आणि मालक दोघंही खूश असतात.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये काठापासून दीड-दोन फूट आत, काठाला समांतर अशी लांबलचक भेग पडते. कारण सरळ आहे. मधल्या भागावर डांबराचं झाकण असल्यामुळे तिथल्या मातीत ओल टिकून राहते. काठाची माती मात्र उघडी असते, ती वाळते, आकसते आणि वरचा थर सोबत ओढून नेते. काठाला लागून कडुनिंब किंवा अशोकाची रांग असेल तर मुळं उरलेली ओलही शोषतात. पावसाळ्यात त्याच भेगेतून पाणी आत जातं, काठ फुगून वर येतो आणि पुढच्या मे महिन्यात भेग दुप्पट रुंद झालेली असते. यवतमाळकडच्या एका शाळेत तर बसच्या रस्त्याला लागून फुलझाडांचे वाफे केले होते आणि त्यांना रोज पाणी सोडायचे. एका बाजूला कायम ओल, दुसऱ्या बाजूला कोरडी ठणठणीत जमीन. दोन वर्षांत रस्ता वाफ्यांकडून उचलला गेला आणि पलीकडून खचला. तिथे तीन वेळा वरून डांबर ओतून झालं होतं. खाली खोदून बघायला कुणी तयार नव्हतं.

माती फुगणारी आहे की नाही हे काम सुरू करायच्या आधी कळू शकतं. प्रयोगशाळेत ही चाचणी करतात ती अशी: वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी घालायचं, दुसऱ्यात रॉकेल, ढवळून २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातल्या मातीचा थर रॉकेलमधल्यापेक्षा दीडपट किंवा त्याहून उंच भरला, तर फुगवटा ५० टक्के किंवा त्याच्या वर आहे. सरकारी रस्त्यांच्या तपशिलात ५० टक्क्यांहून जास्त फुगणारी माती भरावात चालत नाही. तुमच्या आवारात ती का चालावी?

अशा जमिनीवर मी निदान दीड ते दोन फूट काळी माती काढायला लावतो. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून आणि दबाई करून. ट्रक ओतून एकदम दोन फूट भरला तर वरचे सहा इंच दबतात, खालचा भुसभुशीत राहतो. मुरूम ओला करून मुठीत दाबून बघा: तळहाताला चिकटून बसला तर त्यात माती जास्त आहे, ट्रक परत पाठवा. डांबराच्या काठाबाहेरही दोन-तीन फूट मुरूम हवाच, म्हणजे वाळण्याचा त्रास डांबराखाली पोहोचत नाही. एवढी खोदाई परवडत नसेल तर माती तिथेच राहू देऊन तिच्यात ३ ते ५ टक्के चुना मिसळण्याचा मार्ग आहे. मात्र त्यात मिसळणं आणि भिजवणं काटेकोर लागतं. घमेल्याने चुना शिंपडून ते होत नाही. बाग डांबरापासून पाच-सहा फूट दूर ठेवा. ते जमत नसेल तर मध्ये पक्की नाली घ्या.

"वरून तर थंड झालं न, भाऊ"

उन्हाळ्यातल्या कामाचा एक फायदा असतो: माल, म्हणजे डांबर-गिट्टीचं गरम मिश्रण, लवकर गार होत नाही, त्यामुळे दबाईला भरपूर वेळ मिळतो. त्याच कारणाने तो वापरायलाही लवकर तयार होत नाही. हे दुसरं वाक्य ऐकायला कुणालाच वेळ नसतो.

नागपूरच्या बाहेर लग्नाच्या एका लॉनच्या पार्किंगचं काम एप्रिलमध्ये आलं. मधल्या जागेवर दोन इंचांचा थर. माल चांगला होता, दबाई चांगली झाली, दुपारी तीनला रोलर थांबला. मालकांना सांगितलं की उद्या सकाळपर्यंत कुणीही आत नको, आणि ट्रक चार दिवस नको. ते म्हणाले, "भाऊ, उद्या हळद आहे. टेंटवाल्याची गाडी आजच आत घ्यावी लागते." संध्याकाळी त्यांनी पाण्याचा टँकर बोलावला आणि सगळीकडे पाणी मारलं. मग वाकून हात लावला आणि म्हणाले, "वरून तर थंड झालं न, भाऊ." मी खिळ्याने भोक पाडून डायलचा थर्मामीटर आत खुपसला. वर हात ठेवता येत होता आणि आत काटा ७० च्या पुढे होता. त्यांना तो काटा दाखवला. रात्री ट्रक तरीही आत गेला.

सकाळी फाटकाजवळ, जिथे ड्रायव्हरने गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवलं होतं, तिथे इंचभर खोल वाटोळा घळ पडला होता. आत जोड-चाकांच्या दोन स्पष्ट चाकोऱ्या, जनरेटरच्या ट्रॉलीचा टेकू अर्धा आत रुतलेला, आणि मांडवाच्या खांबांच्या लोखंडी प्लेटा जिथे टेकवल्या तिथे चौकोनी छाप. जून लागला तसं प्रत्येक छापात पाणी साचायला लागलं. फाटकाजवळचा भाग शेवटी कापून पुन्हा करावा लागला. एका रात्रीची थांबण्याची तयारी असती तर यातलं काही घडलं नसतं.

आतलं तापमान ६० च्या खाली आल्याशिवाय मी फाटक उघडू देत नाही. मे महिन्यात ते रात्रीच होतं, दिवसा होतच नाही. हलक्या गाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जड गाड्या चार-पाच दिवसांनी. पहिला उन्हाळा संपेपर्यंत थांबलेल्या गाडीचं स्टिअरिंग फिरवू नका आणि मोटारसायकलच्या स्टँडखाली फळी ठेवा. कॉलेज-दवाखान्यांच्या आवारात दुचाकींच्या रांगेखाली जी खड्ड्यांची नक्षी दिसते, ती साइड स्टँडचीच. दुचाकी उभ्या करायची जागा आणि मालाचे ट्रक लागतात ती जागा मी डांबराची करतच नाही. तिथे सिमेंट काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घ्या, खर्च जास्त झाला तरी.

खरं तर नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांच्या, तोंडावर काम काढायचंच कशाला? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विदर्भातला उत्तम काळ. फक्त थंडीत सकाळी दहाच्या आधी माल मागवू नका, पातळ थर पाहता पाहता गार होतो.

रोलरला डिझेल

याचा मला मनापासून राग आहे. माल चाकाला चिकटतो म्हणून गोणपाट डिझेलमध्ये बुडवून चाकाला लावतात, फावडी-घमेली डिझेलमध्ये बुडवतात. डांबर हे पेट्रोलियमचंच उत्पादन, डिझेलमध्ये ते विरघळतं. जिथे थेंब पडले तिथला माल पहिल्या पावसातच सुटतो आणि गिट्टी मोकळी होते. चाकाला पाणी लावायचं, फार तर साबणाचं. रोलरची पाण्याची टाकी आणि नळ्या चालू आहेत का, हे काम सुरू व्हायच्या आधी बघा. नसतील तर रोलर बदलून मागा. नंतर गाड्यांचं ऑइल गळतं तिथेही हेच होतं: भुसा टाकून टिपून घ्या, साबणाने धुवा, आणि रोजच गळत असेल तर गाडी दुरुस्त करा.

जाडी आणि काटा पावती

"दीड इंच" म्हणजे पसरलेला दीड इंच की दाबलेला? कागदावर लिहून घ्या. दबाईत थर साधारण पाचवा हिस्सा बसतो. माझी सवय वजनाची: हजार चौरस फुटांवर दाबलेला दीड इंच हवा असेल तर जवळपास सव्वाआठ टन माल लागतो. काट्याच्या पावत्या जमवा आणि बेरीज करा, वाद राहत नाही. तीच पावती हातात घेऊन ट्रकवर चढा. ताडपत्री झाकलेली आहे का बघा आणि ढिगाच्या मध्यात थर्मामीटर घाला. व्हीजी-३० डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश हवा (व्हीजी ही डांबराच्या घट्टपणाची प्रत, आकडा मोठा तितकं डांबर घट्ट). ११० वर आलेला ट्रक परत पाठवायला लाजू नका. निळसर धूर निघत असेल तर उलट झालं आहे, प्लांटवर डांबर जाळलं आहे. तोही परत.

व्हीजी-३० की व्हीजी-४०? डांबराच्या आयएस ७३ या भारतीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत सलग सात दिवसांच्या सरासरी कमाल तापमानावरून निवड दिली आहे: ३८ ते ४५ अंशांना व्हीजी-३०, त्याच्या वर व्हीजी-४०. आपण बरोबर त्या सीमेवर आहोत. फक्त मोटारी येणार असतील तर मी ३० वर समाधानी असतो. ट्रक येणार असतील तर ४० मागतो आणि प्लांटवाला "तेवढंच आहे" म्हणाला तरी आग्रह सोडत नाही. व्हीजी-४० चा माल पसरताना १५० अंश हवा, हे लक्षात ठेवा.

"डांबर जरा जास्त घाला, मजबूत होईल" असं सांगू नका. जास्तीचं डांबर मे महिन्यात वर येतं, चकाकतं, चपलांना चिकटतं. आलंच तर भर दुपारी गरम केलेली जाडसर वाळू किंवा चुरी पसरून रोलर फिरवा, सुटलेली झाडून काढा, पुन्हा करा.

टॅक कोट म्हणजे दोन थर चिकटवायला मारलेला डांबराचा पातळ हात. त्याचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) तपकिरी असताना त्यावर माल टाकू नका. पाणी उडून ते काळं होऊ द्या. आणि थोडंच मारा, जुन्या डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम पुरतं. पाण्यासारखं ओतलं तर वरचा थर त्यावर घसरतो.

२० मि.मी.चं कार्पेट (पातळ, सच्छिद्र डांबरी थर) सील कोटशिवाय, म्हणजे वरून छिद्रं बुजवणाऱ्या थराशिवाय, घेऊ नका, त्यातून पाणी थेट खाली जातं.

उतार दहा फुटांना अडीच इंच, नालीकडे. काम संपल्यावर टँकरभर पाणी सोडून बघा आणि मगच बिल द्या.

जुन्या थरावर दर चार वर्षांनी नवा थर चढवत गेलात तर एक दिवस रस्ता जोत्यापेक्षा उंच होतो आणि पाणी घरात शिरतं. आधी खरवडा.

डांबर टाकण्याआधी रस्त्याखालून दोन-चार रिकामे पीव्हीसी पाइप आडवे घालून ठेवा. नळ, केबल, कॅमेरे नंतर येतातच, आणि खोदलेली चारी कधीही पूर्वीसारखी दबत नाही.

खड्डे आणि भेगा

खड्डा आहे तसा गोल ठेवून त्यात माल ओतायचा आणि वरून गाडीचं चाक फिरवायचं, हा प्रकार बंद करा. चांगला, घट्ट भाग लागेपर्यंत चौकोनी कापा, कडा उभ्या ठेवा, धूळ आणि पाणी काढा, तळाला आणि कडांना टॅक कोट लावा, दोन इंचांहून खोल असेल तर दोन थरांत भरा आणि धुमसाने ठोका. शेवटी माल भोवतालच्या पातळीहून सूतभर (इंचाचा आठवा भाग) वर राहिला तर चालेल, खाली राहिला तर पाणी साचतं. पावसाळ्यात तयार कोल्ड मिक्सची (गरम न करता वापरायच्या मालाची) पोती मिळतात. तात्पुरती गरज भागवायला ती चांगली आहेत, पण दिवाळीनंतर तो खड्डा उघडून पक्का करा.

भेगा मेअखेरीस, मृगाच्या आधी भरा. तेव्हा त्या सगळ्यात रुंद आणि कोरड्या असतात. हवेच्या झोताने आतली माती उडवा, नुसती झाडून उपयोग नाही. बारीक भेगेत इमल्शन, पेन्सिल जाईल एवढ्या भेगेत इमल्शनमध्ये कालवलेली चुरी. काठोकाठ भरू नका, एक-दोन सूत खाली ठेवा, कारण पावसाळ्यात माती फुगली की भेग मिटते आणि भरलेला माल वर येऊन चाकांना चिकटतो. आणि तीच भेग दर वर्षी त्याच जागी, काठाला समांतर परत येत असेल, तर इमल्शनचे डबे आणणं थांबवा आणि काठाला दोन फूट खड्डा खणून खाली कोणती माती आहे ते बघा.