‘ब्रॅश’ हे विशेषण मराठीत आणताना

इंग्रजी लेख मराठीत आणण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांचे मसुदे तपासताना ‘ब्रॅश’ या विशेषणापाशी मला हमखास थांबावे लागते. बहुतेक जण तेथे ‘उद्धट’ असे लिहून पुढे जातात. पण उद्धटपणा चिडीतून किंवा भीतीतूनही येऊ शकतो. ब्रॅश माणसाला मात्र स्वतःविषयी अफाट खात्री असते आणि ती तो समोरच्याचे वय, अनुभव किंवा प्रसंग न पाहता मोठ्या आवाजात बोलून दाखवतो. ‘ॲरोगंट’ माणूस अवाक्षरही न काढता इतरांना तुच्छ लेखू शकतो, ब्रॅश माणसाला गप्प राहून ते साधत नाही.

या शब्दासाठी मी नेहमी मुष्टियोद्धा कॅशियस क्ले, म्हणजेच पुढचा मुहम्मद अली, याचे उदाहरण देतो. फेब्रुवारी १९६४ मध्ये मायामी बीच येथे जगज्जेता सनी लिस्टन याच्याशी लढण्यापूर्वी हा २२ वर्षांचा तरुण त्याला जाहीरपणे ‘कुरूप अस्वल’ म्हणून हिणवत होता आणि आपणच सर्वश्रेष्ठ असल्याचे ठणकावून सांगत होता. त्याच्या त्या वागण्याला ब्रॅश हे विशेषण नेमके बसते. त्यासाठी ‘उद्धट’ लिहिले तर आत्मविश्वास निसटतो, ‘बेधडक’ लिहिले तर नापसंती उरत नाही, आणि ‘फाजील आत्मविश्वास’ म्हणावे तर त्याने ती लढत जिंकून दाखवली. मला तेथे ‘उर्मट आत्मविश्वास’ हीच जोडी योग्य वाटते.

वस्तू आणि जागांच्या बाबतीत मात्र उर्मटपणाचा संबंध नसतो. लास व्हेगासच्या निऑन दिव्यांनी लखलखणाऱ्या रस्त्याला कोणी ब्रॅश म्हटले, तर तेथे ‘भडक’ किंवा ‘भपकेबाज’ लिहावे; ‘दिमाखदार’ लिहिल्यास लेखकाची नाराजी कौतुकात बदलते, आणि अनुवादात ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते.

नोकरीच्या अर्जात स्वतःचे वर्णन करण्यासाठी हा शब्द कधीही वापरू नये. तेथे ‘कॉन्फिडंट’ पुरेसा आहे. उच्चार ‘क्रॅश’शी यमक जुळेल असा करावा, नाहीतर ऐकणाऱ्याला दात घासण्याचा ब्रश आठवेल. शिवाय ‘ब्रॅश आइस’ म्हणजे समुद्रावर तरंगणारे बर्फाचे तुकडे आणि ‘वॉटर ब्रॅश’ म्हणजे आम्लपित्तात तोंडाला अचानक पाणी सुटणे. या दोन्ही ठिकाणी हा शब्द नाम आहे, त्यामुळे तेथे वरचा कोणताही पर्याय चालणार नाही.